लाल बादलीची कडी

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून वर ढकललं. पण माशांना खायला घालण्यात माझा हात धरणारा माणूस मला आणून दाखवा. एकवीस वर्षं झाली. समुद्राचं पाणी पंपाने वर ओढायचं, टाक्यांत फिरवायचं आणि त्यात जिताडे वाढवायचे, हा आमच्या मालकांचा धंदा. पंप मालकांचा, टाक्या मालकांच्या, पण मासे माझे. मालक टाकीवर वाकले तर मासे तळाशी जाऊन बसतात, आणि मी नुसता खोकलो तरी वर येतात.

त्या वर्षी मालकांच्या डोक्यात मशीन शिरलं. टाकीच्या कडेला बसवायचं, बटण दाबलं की खाद्याच्या गोळ्या आपोआप उडतात, दिवसातून सहा वेळा.

"त्याला चहा लागत नाही," मालक म्हणाले.

"त्याला मासा रुसलेला कळत नाही," मी म्हणालो.

"मला तरी कुठे कळतो? माझं काही अडलंय का?"

मालकांनी तिथेच फैसला करून टाकला. "हे बघ, ती खाद्याचा प्रयोग करणारी बाई येतेय. तीन महिने तिचं काम चालणार. बाहेरचं माणूस, नवं मशीन, दोन्ही एकदम नको. तेवढे तीन महिने खायला तूच घाल. पण तिची एक जरी तक्रार माझ्या कानावर आली, तर दुसऱ्या दिवशी मशीन टाकीला आणि तू बर्फाच्या खोलीत."

बर्फाची खोली म्हणजे माशांची खोकी भरायची, उचलायची, रचायची. माझी कंबर आमच्या घराच्या दारासारखी आहे, एकदा वाकली की आवाज करत सरळ होते. त्या खोलीत मी महिनाभर टिकलो नसतो. म्हणून मी ठरवलं, बाई म्हणतील ते ऐकायचं. बाई म्हणाल्या उभा राहा, तर उभा.

बाई आल्या. वय माझ्या थोरल्या लेकीएवढं, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, ते दोन माप मोठे. आम्ही त्यांना 'डॉक्टर' म्हणायचो, तर त्या दर वेळी म्हणायच्या, "अजून नाही हो काका! हे काम नीट झालं की मग." सहा वर्षं त्या एकाच पदवीसाठी खपत होत्या. आमच्या लांब्याने एकदा तोंडावरच विचारलं, "सहा वर्षं म्हणजे नापास होताय का?" लांब्या म्हणजे आमचा पंपवाला. माणूस साडेसहा फूट, पण बोलण्याआधी विचार करायचा तर तो इतक्या वरून खाली पोचतच नाही.

बाईंचं काम असं. आठ टाक्या, टाकीत साठ मासे. खाद्य चार प्रकारचं, दोन-दोन टाक्यांना एकेक. लाल पोत्यात माशांची भुकटी घातलेलं, म्हणजे नेहमीचं, महागडं. निळ्या पोत्यात अर्धी माशांची भुकटी आणि अर्धं सोयाबीन. पिवळ्यात सोयाबीन जास्त. आणि हिरव्या पोत्यात माशांची भुकटी नावालाही नाही, सगळं सोयाबीन आणि माशीच्या अळ्यांचं पीठ. हिरवं सगळ्यात स्वस्त, त्यामुळे मालक देव पाण्यात घालून बसले होते की हिरवंच जिंकू दे.

मी विचारलं, "बाई, यात प्रयोग कसला? तीन महिन्यांनी वजन करायचं, जो जाड तो जिंकला."

"काका, वजन तर करूच. पण मला माशाच्या आतलं बघायचंय." त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं. "माशाच्या मेंदूखाली एक गाठ असते, मोहरीएवढी. तिथे वाढीचं हार्मोन तयार होतं. ते कसं करायचं ते जीनमध्ये लिहिलेलं असतं, जशी वहीत लिहिलेली कृती. ते हार्मोन रक्तातून लिव्हरकडे जातं आणि लिव्हरला सांगतं, 'चल, याला मोठा कर.' मग लिव्हर दुसरा एक रस सोडतं आणि मासा वाढतो."

"म्हणजे डोकं मालक आणि लिव्हर मी."

"अगदी तसंच! आणि मासा उपाशी असेल किंवा खाद्य त्याला मानवत नसेल, तर काय होतं माहितीये? डोक्यातली ती कृती जोरात चालते. हार्मोन भरपूर. डोकं ओरडून ओरडून हुकूम सोडतं, पण लिव्हर ऐकतच नाही. मासा आहे तेवढाच राहतो. कोणत्या खाद्यावर लिव्हर ऐकतं, ते मला शोधायचंय."

हे मी घरी बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती जाळी शिवते, घरीच बसून, तोंडात दोरा धरून. दोरा काढून म्हणाली, "मग मी डोकं आणि तुम्ही लिव्हर. मी ओरडतेय आणि तुम्ही आहात तिथेच."

बाईंची शिस्त मात्र कडक. प्रत्येक खाद्याची बादली वेगळी. लालची बादली हिरव्या टाकीपाशी नेलेलीसुद्धा चालायची नाही. मी गोदामातून चार जुन्या बादल्या शोधून काढल्या. लाल बादलीची कडी गंजलेली, उचलली की 'कुर्रर्र-क्यँव' असं ओरडायची, जसं कोणी मांजराच्या शेपटीवर पाय दिला. निळ्या बादलीत पत्र्याचं माप होतं, ते चालताना 'ठण ठण' वाजायचं. पिवळीचं बूड फुटकं, तळाला पत्रा ठोकलेला. ती जड म्हणून मी फरशीवरून 'खर्रर्र' ओढत न्यायचो. आणि हिरवीला घट्ट झाकण, उघडलं की 'फट्!' दिवसातून तीन वेळा आमच्या शेडमध्ये असा बँड वाजायचा. लांब्या पंपाच्या खोलीतून ओरडायचा, "दादा, त्या लाल बादलीला तेल घाल रे, माझे दात शिवशिवतात!" मी म्हणायचो, घालतो. एकवीस वर्षांत मी कशाला तेल घातलंय?

असे सात आठवडे गेले. एकही तक्रार नाही. मग बाईंना त्यांच्या सरांनी बोलावलं. गुरुवार, शुक्रवार जाणार आणि शनिवारी सकाळी परत. जाताना म्हणाल्या, "काका, कशाला हात लावू नका. फक्त खायला घाला."

"बाई, निर्धास्त जा. मी श्वाससुद्धा टाकीकडे पाठ करून घेईन."

आता मला सांगा, त्याच सकाळी हे व्हायला हवं होतं का? मी टाकी नंबर तीनवर वाकलो, तर एक जिताडा पाण्यात आडवा फिरतोय आणि त्याच्या तोंडातून दुसऱ्या जिताड्याची शेपटी बाहेर! जिताड्याची जात अशी आहे, की भाऊ थोडा लहान राहिला की थोरला त्याला गिळतो. गिळता नाही आला तर घशात अडकून दोघंही मरतात. आमच्याकडे याच्यावर एकच उपाय. दर पंधरा दिवसांनी मासे निवडायचे. फटींच्या पेटीतून सोडायचे, लहान खाली पडतात, मोठे वर राहतात. मोठे एका टाकीत, मधले दुसऱ्या, बारके तिसऱ्या. सगळे सारखे असले की कोणी कोणाला खात नाही. हे मी एकवीस वर्षं करतोय, डोळे मिटून.

बाईंनी सात आठवड्यांत एकदाही निवडणी केली नव्हती. मला वाटलं, शिकलेलं माणूस, विसरलं असेल. मग वाटलं, बाईंनी हात लावू नका म्हटलंय. मग वाटलं, अहो, निवडणी म्हणजे काय हात लावणं? आपण घर झाडतो, तेव्हा घराला हात लावला असं कोणी म्हणतं का?

निवडणीच्या आधी एक दिवस मासे उपाशी ठेवायचे असतात, नाहीतर पोटातलं वर येतं. म्हणून गुरुवारी खाद्य बंद. शुक्रवारी मी आणि लांब्याने सकाळपासून दुपारपर्यंत आठही टाक्या निवडून काढल्या. चारशे ऐंशी मासे, गिळलेला एक आणि गिळणारा एक असे दोन वजा. सगळ्यात मोठे ठेवले सात आणि आठ नंबरच्या टाकीत, कारण तिथे पाण्याचा जोर चांगला, मोठ्या माशाला हवा जास्त लागते. सगळ्यात बारके एक नंबर आणि दोन नंबरला. अशी ओळीने रचना लागली, की बघून माझे डोळे निवले. लांब्या म्हणाला, "दादा, फोटो काढून ठेवण्यासारखं झालंय." निवडणीनंतरही मासे दमलेले असतात, म्हणून त्या दिवशीही खाद्य नाही.

आता एक लक्षात घ्या, म्हणजे पुढचं कळेल. एक आणि दोन नंबर या लाल पोत्याच्या टाक्या होत्या, महागड्या खाद्याच्या. आणि सात, आठ या हिरव्या.

शनिवारी सकाळी बाई आल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "काका, खायला घातलं नाही ना? छान! आज मधलं वजन करायचंय." जाळीने वीस-वीस मासे उचलायचे, टोपल्यात घालून काट्यावर ठेवायचे आणि आकडा लिहायचा. एक नंबर झाला, दोन झाला. बाईंच्या कपाळावर आठ्या. पाच, सहा. आठ्या सरळ. सात नंबर काट्यावर ठेवला आणि बाई पेन्सिल खाली टाकून काट्याकडेच बघत राहिल्या.

"काका, हा काटा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"परत ठेवा."

परत ठेवला. मग आठ नंबर. मग बाईंनी ते दोन माप मोठे बूट घालून ओल्या फरशीवर अशी उडी मारली, की एक बूट जागच्या जागी राहिला आणि बाई पुढे गेल्या. "काका, हिरवं! हिरवं जिंकलं! माशांची भुकटी न घालता! अहो, जगात कोणाला असं मिळालेलं नाही! आणि बघा ना, सगळे एका मापाचे, एकसारखे, जसे कोणी निवडून ठेवलेत!"

माझ्या हातातलं टोपलं तसंच राहिलं. कानामागून घाम निघाला तो थेट मोज्यात.

मी हळूच विचारलं, "बाई, समजा... समजा एका टाकीतला मासा चुकून दुसरीकडे गेला, तर काही बिघडतं का?"

बाई हसल्या. "काका, कोण कुठल्या टाकीत, तोच तर सगळा प्रयोग! तो गेला तर माझी सहा वर्षं गेली. पण तुम्ही असताना असं कसं होईल?"

तोवर लांब्याने जाऊन मालकांना सांगितलं होतं की हिरवं जिंकलं. लांब्याला यात काय वाईट आहे ते कळलंच नव्हतं, तो आनंदात होता. मालक धावत आले. एकवीस वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. त्यांना पोट हाताने धरून धावावं लागतं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"गड्या, हाताला गुण आहे तुझ्या! मशीनवाल्याला आत्ता कळवतो, नको म्हणून. आणि बाई, तुम्ही हे लिहा, छापा, सगळीकडे सांगा. पुढच्या वर्षी सगळ्या टाक्यांना हिरवं!"

म्हणजे बघा. मी गप्प बसलो तर मशीन गेलं, बर्फाची खोली गेली, मालक खूश, बाई डॉक्टर. तोंड उघडलं तर मी आणि माझी कंबर बर्फात. बाई बादल्यांकडे निघाल्या, म्हणाल्या, "आता खायला घालूया." मी कसाबसा म्हणालो, "नको बाई, वजन केल्यावर मासा घाबरलेला असतो. आजचा दिवस राहू द्या." तेवढं तरी खरं होतं.

दुपारी जेवायला घरी गेलो. ताटावर बसलो आणि भात नुसता चिवडत राहिलो. बायकोने दोरा तोंडातून काढला. ती दोरा काढते म्हणजे आता सुटका नाही.

"काय केलंत?"

सगळं सांगितलं. ती ऐकत होती, आणि जाळीची गाठ आवळत होती, जरा जास्तच जोरात.

"म्हणजे ती पोर आता जगाला सांगणार की हिरवं चांगलं. लोक माशांना हिरवं घालणार. मासे वाढणार नाहीत. मग लोक विचारणार, कोण होती ती बाई?"

"अगं, पण मला बर्फात टाकतील."

"टाकू दे. मी तुमच्या कंबरेला जाळीचा पट्टा शिवून देते. पण त्या पोरीच्या डोळ्यांत बघून उद्या तुम्ही 'डॉक्टर' म्हणणार आहात का?"

मी उठलो नाही. ती म्हणाली, "उठा." मी उठलो नाही. मग ती आत गेली, वाटी घेऊन आली आणि माझ्या ताटावर आपटली, आणि मी त्या आवाजाने मान वर केली.

"बघा," ती म्हणाली, "हाक मारली की ऐकू येत नाही, वाटी वाजली की मान वर. त्या माशांत आणि तुमच्यात फरक काय?"

मी चपला घातल्या आणि निघालो. वाटेत दहा वेळा वाटलं की परत फिरावं. पण मागे बायको होती आणि पुढे बर्फ, त्यात बर्फ बरा.

बाई टेबलाशी बसून आकडे पुन्हा पुन्हा बघत होत्या. मी समोर उभा राहिलो आणि एका दमात बोलून टाकलं. शेपटीपासून सुरुवात केली आणि फटींच्या पेटीवर आणून संपवलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वही बंद केली, पायातले बूट काढले, शेजारी नीट जोडून ठेवले आणि टेबलावर डोकं टेकलं.

डोकं न उचलताच म्हणाल्या, "सगळे? आठही टाक्या?"

"सगळे. फार नीट केलंय बाई, एकसुद्धा चुकला नाही."

यावर त्या रडता रडता हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "प्रत्येक टाकीतल्या दहा माशांच्या कातडीखाली मी तांदळाच्या दाण्याएवढी चिप घातलीय, शेवटी वापरायला. यंत्र फिरवलं की नंबर कळतो. ते ऐंशी सापडतील. बाकीचे चारशे कसे ओळखायचे? त्यांच्या पाठीवर काय लिहिलंय?"

काय करावं सुचेना, म्हणून मी सवयीने बादल्या आवरायला घेतल्या. लाल बादली उचलली. कुर्रर्र-क्यँव.

समोर सात नंबरची टाकी होती. तिथले दहा-बारा मासे सुसाट वर आले आणि माझ्या बाजूच्या कडेला तोंडं वर करून उभे राहिले. बाकीचे तळाशी, ढिम्म. मला वाटलं, भास झाला. बादली खाली ठेवली. मग निळी उचलली. ठण ठण. लालवाले खाली गेले आणि दुसरेच वर आले.

मला बायकोची वाटी आठवली.

"बाई!" मी असा ओरडलो की लांब्याचा पंपाच्या खोलीत डोक्याला पाइप लागला. "बाई, यांच्या पाठीवर नाही, कानात लिहिलंय!"

बाईंनी पाहिलं. पुन्हा वाजवायला लावलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते मी आजवर कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही, फार तर तान्ह्या पोराच्या, पहिल्यांदा स्वतःची बोटं सापडल्यावर. तरी शिस्त सुटली नाही. म्हणाल्या, "बादल्या साबणाने धुवा. वास राहता कामा नये. आणि खाद्याचा एक दाणाही नको. नुसता आवाज."

रविवारी सकाळीच बसलो. टाकीच्या मधोमध जाळी उभी धरायला लांब्या. उंचीचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. मी एका टोकाला लाल बादली वाजवायचो, मासे जाळीखालून माझ्याकडे यायचे, लांब्या जाळी खाली सोडायचा. आलेले मासे लाल. मग निळी, मग पिवळी खर्रर्र, मग हिरवी फट्. आठ टाक्या, चार बादल्या. एक मासा आला की बाई म्हणायच्या, "परत घ्या," आणि प्रत्येकाला दोन-दोनदा बोलावून बघायच्या. मासे चौथ्या दिवसाचे उपाशी, त्यामुळे कोणी आळस केला नाही.

अकरा मासे मात्र असे निघाले, की लाल वाजवा, निळी वाजवा, यायचेच. लांब्या शिंकला तेव्हाही आले. बाई म्हणाल्या, "या हावऱ्यांना बाजूला काढा." सहा मासे असे, की काहीही वाजवा, ढुंकून बघायचे नाहीत. त्यांनाही बाजूला काढलं. आजही मला त्या सहांचा आदर वाटतो.

शेवटी बाईंनी यंत्र फिरवलं. लाल ढिगातले चिपवाले मासे खरंच लालचे आहेत का, निळ्यातले निळ्याचे का. मी आणि लांब्या भिंतीला पाठ लावून उभे, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे. बाई एकेक नंबर वाचत होत्या, यंत्र एकेकदा टिक म्हणत होतं. संपलं तेव्हा त्या उपड्या बादलीवर बसल्या.

"चिपवाले चार मासे हावऱ्यांत गेले. राहिले शहात्तर. त्यातले चौऱ्याहत्तर बरोबर."

"आणि दोन?"

"दोन चुकले काका. माणसं यापेक्षा जास्त चुकतात." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मला अजून एक धास्ती होती. "चार दिवस उपाशी राहिले ते?"

"डोकी ओरडत असतील सध्या," बाई म्हणाल्या. "पण सगळ्यांची सारखीच. अजून पाच आठवडे आहेत, खातील आणि शांत होतील. चुकीचं खाद्य मात्र एकानेही खाल्लं नाही, म्हणून वाचलो. एका रंगाच्या दोन टाक्यांतले एकमेकांत मिसळले, ते मी तसंच लिहीन. झालं ते सगळं लिहीन."

"माझं नाव?"

"नाव नाही. पण बादली लिहीन."

मालकांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हिरवं जिंकलं नाही एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं. "म्हणजे तू मशीन पुन्हा बोलावायला लावणार मला," ते म्हणाले, आणि बोलावलंच. बाई म्हणाल्या, "माझी तक्रार नाही, काका इथेच राहू देत." मालक म्हणाले, "तुमचं काम संपेपर्यंत राहू दे."

काम संपलं. चिपवाले मासे कापून बाईंनी ती मोहरीएवढी गाठ आणि लिव्हर काढलं, बर्फात घालून नेलं आणि महिन्याभराने निकाल घेऊन आल्या. हिरव्यावाल्यांचं डोकं जोरजोरात ओरडत होतं, हार्मोनची कृती धडाधड चालू, पण लिव्हर बहिरं. मासे बारकेच राहिले. पिवळ्याचं थोडं बरं. आणि निळं, अर्धं-अर्धं, ते लालच्या बरोबरीने चाललं. लिव्हर मुकाट्याने ऐकत होतं. मालकांनी हिशोब न करताच तोंड वाकडं केलं, मग हिशोब केला आणि तोंड सरळ झालं. अर्धं स्वस्त म्हणजेही स्वस्तच.

सगळ्या टाक्यांना निळं सुरू झालं आणि त्याच आठवड्यात मशीन टाकीला लागलं. मी बर्फाच्या खोलीत गेलो. बायकोने खरंच पट्टा शिवून दिला होता.

तीन दिवस. चौथ्या दिवशी मालक स्वतः बर्फाच्या खोलीच्या दारात आले, आत यायला थंडी वाजत होती म्हणून दारातूनच ओरडले, "ते मासे वर का येत नाहीत रे?"

मशीन बिचारं आपलं काम चोख करत होतं. वेळेवर गोळ्या उडवायचं, दिवसातून सहा वेळा. पण आवाज करायचं हळू, घूँऽऽ असा, डासासारखा. त्या आवाजाशी माशांचं काही देणंघेणं नव्हतं. ते तळाशी बसून असायचे, गोळ्या बुडून सडायच्या आणि पाणी गढूळ.

"शिकतील की हळूहळू," मी म्हणालो. माझ्या हातात खोकं होतं, पण मी ते घाईने ठेवलं नाही.

"शिकेपर्यंत मरतील! चल."

तेव्हापासून माझं काम असं. मशीन गोळ्या उडवतं आणि मी शेजारी उभा राहून बादल्या वाजवतो. खाद्य सगळीकडे निळंच, पण लालच्या घराण्यातल्या टाकीला लाल बादली, निळ्याच्या टाकीला निळी. मालकांनी मला काय म्हणावं तेच त्यांना कळत नाही. खायला घालणारा म्हणावं तर घालत नाही. हजेरीच्या कागदावर त्यांनी लिहिलंय, 'आवाज'.

आणि एवढं सगळं सुरळीत चाललं असताना, मागच्या महिन्यात एका सकाळी मी लाल बादली उचलली, तर काही नाही. गप्प. कडी लोण्यासारखी फिरतेय. मी बादली हलवली, आपटली, उलटी केली. मासे तळाशी.

लांब्या हसत आला. हातात तेलाचा डबा. "दादा, काल तू लवकर गेलास ना, तुझं काम करून ठेवलं. किती महिने म्हणत होतास घालतो घालतो. घातलं बघ. कसं छान झालंय!"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डबा छातीशी धरून उभा होता, शाबासकीची वाट बघत. रागवायला तोंड उघडलं आणि मला तो शुक्रवार आठवला, मी तसाच उभा होतो, ओळीने लावलेल्या टाक्यांसमोर. म्हटलं, "छान केलंस रे."

मशीन घूँऽऽ करायला लागलं. गोळ्या पडायला लागल्या. मालक लांबून बघत होते. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, टाकीवर वाकलो आणि तोंडाने केलं:

"कुर्रर्र-क्यँव!"

टाकीतले झाडून सगळे वर आले.

बाईंनी त्यांचं पुस्तक पाठवलंय. त्या आता खरंच डॉक्टर झाल्या. पान सत्तेचाळीसवर लिहिलंय म्हणे, बायकोने थोरल्या लेकीकडून वाचून घेतलं: मासे वेगळे करण्यासाठी गंजलेल्या कडीची बादली वापरली, कडीला तेल घालू नये. मी लांब्याला ते पान दाखवलं. त्याने नीट वाचलं आणि म्हणाला, "आता तुला काय भीती? तुझ्या तोंडाला काही मी तेल घालू शकत नाही."

मालक म्हणतात, आता तुला काढताच येत नाही. मी ठण ठण आणि खर्रर्र पण शिकलोय. फक्त हिरवीचं 'फट्' अजून जमत नाही. बायको म्हणते, घरी सराव करायचा नाही.